डेटा सेंटरच्या करारातले आकडे लोकांसमोर ठेवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

वीज मंडळात ३२ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो, ऐरोलीत राहतो. रोज सकाळी रबाळे एमआयडीसीच्या बाजूने फिरायला जातो. पूर्वी तिथे छोटे-मोठे कारखाने होते आणि पाळी सुटली की रस्त्यावर चालायला जागा नसायची. आता त्याच भूखंडांवर डेटा सेंटरच्या, म्हणजे इंटरनेटवरची माहिती साठवणाऱ्या हजारो संगणकांच्या, खिडक्या नसलेल्या उंच इमारती उभ्या आहेत. मागे डिझेल जनरेटरची रांग, गच्चीवर आतले संगणक थंड ठेवणाऱ्या चिलरची अखंड घरघर, गेटवर दोन सुरक्षारक्षक आणि आत सात-आठ दुचाक्या. आमच्या सोसायटीतल्या इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालेल्या मुलाला अशाच एका ठिकाणी काम मिळालं, पण ठेकेदारामार्फत. बारा तास जनरेटरजवळ बसायचं आणि दर अकरा महिन्यांनी नवा कागद.

परकीय गुंतवणूक यावी, असंच मला वाटतं. केंद्राने २०२२ च्या अर्थसंकल्पात डेटा सेंटरना पायाभूत सुविधांचा दर्जा दिला. राज्याच्या २०२३ च्या आयटी धोरणात विद्युत शुल्क आणि मुद्रांक शुल्कात सवलती आहेत. परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवरचा ६ टक्क्यांचा ‘गुगल टॅक्स’ही १ एप्रिल २०२५ पासून गेला. जानेवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या क्लाउड कंपनीने २०३० पर्यंत महाराष्ट्रात ८.३ अब्ज डॉलर गुंतवण्याचं जाहीर केलं. आनंदाची बातमी आहे. पण अशा प्रत्येक बातमीत डॉलर असतात, मेगावॉट, म्हणजे वीज किती लागणार तो आकडा, नसतात.

डेटा सेंटरचा भार, म्हणजे विजेची मागणी, चोवीस तास जवळपास सारखाच असतो. दुपारी सौर वीज देता येईल, रात्री दोन वाजता कुठली देणार? त्यासाठी लागणाऱ्या पारेषण वाहिन्या आणि उपकेंद्रांचा खर्च फिरून फिरून सगळ्यांच्या वीजदरात येतो. आयर्लंडने परदेशी कंपन्यांना मोकळ्या हाताने बोलावलं. २०२३ मध्ये तिथल्या मीटरवर मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के वीज डेटा सेंटरनी वापरली, शहरांतल्या सगळ्या घरांनी मिळून वापरली त्याहून जास्त. सिंगापूरने २०१९ मध्ये नव्या परवानग्याच थांबवल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू केल्या, त्या वीज किती काटकसरीने वापरणार हे तपासून.

आमच्या पिढीला या काळजीचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. दाभोळचा एन्रॉन प्रकल्पही परकीय गुंतवणूक म्हणूनच आला. १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला, वीजखरेदीच्या अटी झाकून ठेवल्या गेल्या, १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये मंडळाने ती महाग वीज घेणं थांबवलं. तेव्हा बिलांच्या फायली आम्ही हाताळत होतो. करार आधी लोकांसमोर आला असता, तर त्यातल्या चुका आमच्या साध्या कनिष्ठ अभियंत्यानेही दाखवल्या असत्या.

शिवाय आपली बाजू कमकुवत नाही. समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, ठाणे-बेलापूर पट्ट्यात वीज भरवशाची आहे, बँका आणि शेअर बाजार इथेच आहेत. यातल्या बऱ्याच कंपन्या सवलत नसती तरी आल्याच असत्या, असं माझं स्पष्ट मत आहे. मग सवलत देताना अट घालायला संकोच कशाचा? ऐरोली आणि कोपरखैरणे इथे महापालिकेची सांडपाण्यावर तृतीय स्तराची, म्हणजे ते पुन्हा वापरता येईल इतकी, प्रक्रिया करणारी केंद्रं आहेत. कूलिंग टॉवरला तेच पाणी वापरा, पिण्याचं नको, एवढं तरी करारात लिहून घ्यावं. कंपनीच्या पगारपत्रकावर कायम माणसं किती असतील, तेही लिहून घ्यावं. ठेकेदाराची माणसं त्यात मोजू नयेत.

माझी उद्योग विभागाला विनंती एवढीच आहे: सवलत मिळालेल्या प्रत्येक डेटा सेंटरचा मंजूर भार, रोजचं पाणी, कायम नोकऱ्या आणि माफ झालेली रक्कम संकेतस्थळावर टाकावी. मंजूर भार महावितरणकडे किंवा संबंधित वीज कंपनीकडे नोंदलेला असतो, पाण्याची नोंद एमआयडीसीकडे असते, माफ केलेल्या शुल्काचा हिशोब खुद्द शासनाकडे असतो. हे एकत्र करायला एक कारकून आणि एक आठवडा पुरेल.

आपला,
एक निवृत्त वीज अभियंता, ऐरोली, नवी मुंबई