आधी गुरुजींकडे जा, मग आरटीओत

चि. बाळास, आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज फार उतरला होता. गाडी घेऊन आठवडा होत नाही तोच कागदांचं फोल्डर एसटीत राहिलं, कुणाच्याही पोटात गोळा येईलच. पण जेवण सोडू नकोस. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, पुन्हा मिळते. मला काळजी आहे ती वेगळीच. गाडी आपल्या अंगणात उभी असली तरी सरकारदरबारी ती अजून ज्यांच्याकडून घेतली त्या जुळे सोलापूरच्या गुरुजींच्या नावावर आहे.

म्हणून मित्राने सांगितलेल्या त्या एजंटकडे आत्ता जाऊ नकोस. हरवलेल्या आरसीची दुय्यम प्रत मागायचा हक्क नोंदणीकृत मालकाचा, म्हणजे गुरुजींचा. फॉर्म 26 वर सही त्यांची लागेल आणि परिवहनच्या साइटवर अर्ज भरताना ओटीपीही त्यांच्याच मोबाइलवर येईल. आरटीओच्या नोंदीत त्यांचा जुना नंबर असला तर तो आधी बदलून घ्यावा लागेल, तेवढं त्यांना अगोदर विचार. फोनवर उरकू नकोस, समक्ष जा. त्यांनी विश्वासाने सगळे मूळ कागद तुझ्या हातात दिले होते. फोल्डर हरवल्याचं त्यांना तुझ्याच तोंडून कळू दे. भला माणूस आहे, नाही म्हणणार नाही.

पोलिसांत गहाळ झाल्याची तक्रार मात्र आजच दे. जे झालं तेच लिही: एसटीत फोल्डर विसरलं. चोरीला गेलं असं कुणी लिहायला सांगितलं तरी लिहू नकोस. तक्रारीत गाडीचा नंबर, चासी नंबर आणि इंजिन नंबर तिन्ही हवेत, आणि एक आकडाही चुकता कामा नये. विम्याच्या पॉलिसीवर ते पूर्ण छापलेले असतात, आणि पॉलिसीची प्रत कंपनीकडून पुन्हा काढता येते. एसटीच्या डेपोतही चौकशी कर, फोल्डर कंडक्टरने जमा केलेलं असू शकतं.

गुरुजींनी गाडी कर्जावर घेतली होती. कर्ज फिटलं, पण आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवला होता का, हे विचारायचं राहून गेलं असेल तर आता विचार. उतरवला नसेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 लागेल. दुय्यम प्रतीसाठीही बँकेची संमती लागते. गाडीवर ई-चलन थकलंय का तेही बघून घे, नाहीतर काम तिथेच अडेल. फीची चिंता नको, दुय्यम प्रतीला नोंदणीच्या फीच्या निम्मीच पडते.

प्रत हातात आली की लगेच फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी नावावर करायची. कायद्याने विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचं असतं, आणि ते दिवस गाडी घेतल्या दिवसापासून मोजतात. तुझ्या आधारवर पत्ता सोलापूरचाच आहे आणि गाडीही एमएच-13 ची, त्यामुळे दुसऱ्या आरटीओची एनओसी लागणार नाही. विमाही तुझ्या नावावर करायचाय. त्यालाही मालकी बदलल्यापासून 14 दिवसांचीच मुदत आहे, तेव्हा विमा कंपनीला आत्ताच कळवून ठेव.

कचेरीत इतकी वर्षं काढली, कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवणारे पुष्कळ पाहिले. गाडी दोन-तीन हातांतून फिरते आणि आरसीवर नाव पहिल्याचंच राहतं. अशाच एका गाडीच्या अपघाताचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 2018 साली कोर्टाने सांगितलं की नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याची, मग त्याने गाडी कधीची विकलेली का असेना. उद्या तुझ्या हातून रस्त्यात काही झालं तर नोटीस गुरुजींच्या दारात जाईल. ज्यांनी आपल्याला सरळ व्यवहारात गाडी दिली, त्यांच्या म्हातारपणी हा घोर आपण लावायचा नाही. म्हणून सगळं नावावर होईपर्यंत गाडीची किल्ली माझ्याकडेच राहील. रागावू नकोस.

शनिवारी आरटीओचं काम होत नाही, शुक्रवारची रजा टाक. गुरुवारी संध्याकाळच्या हुतात्माने निघ, स्टेशनवर बाबा येतील. आधार, पॅन, फोटो आणि पोलिसांचा दाखला घेऊन ये, प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स काढ, आणि मूळ कागद या वेळी खांद्यावरच्या बॅगेत ठेव. चासी नंबरचा पेन्सिलचा ठसा बाबा घेऊन ठेवतील. गुरुजींना मी शुक्रवारी सकाळी दहाची वेळ विचारते, पण त्याआधी तुझा फोन त्यांना गेलेला असू दे.

तुझी,
आई

ता. क. विम्याची पॉलिसी मिळाली की मला व्हॉट्सअॅपवर पाठव. ठशातले आकडे तिच्याशी ताडून बघते.