रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नटांच्या शस्त्र परवान्यांचा विषय निघाला की गाडी ‘यांनाच बरा मिळतो’ इथे येऊन अडते. ऑगस्ट 2022 मध्ये धमकीच्या पत्रानंतर मुंबई पोलिसांनी सलमान खान यांना परवाना दिला, तेव्हाही तेच झाले. पुढे 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे जुहूच्या घरी गोविंदा यांचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातून निसटले आणि गोळी त्यांच्या पायात घुसली. नुसते पडून गोळी सुटते का, अशी शंका त्या वेळी अनेकांनी घेतली. सुटू शकते.

जुन्या बनावटीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरमध्ये खाली बसलेल्या घोड्याचे (चाप नव्हे, मागून काडतुसावर आपटणारा भाग) टोक थेट समोरच्या काडतुसाच्या टोपीशी, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या भागाशी, असते. हत्यार नेमके घोड्यावर आपटले की टोक टोपीवर बसते. चापाला बोट लागण्याची गरजच नाही. नव्या बनावटीत मध्ये पट्टीची योजना असते, त्यामुळे चाप पूर्ण ओढल्याशिवाय ठोका टोपीपर्यंत पोचत नाही. आजोबांच्या काळातले, वारसाहक्काने आलेले हत्यार असेल तर ही पट्टी आहे की नाही, हे परवानाधारक विक्रेत्याच्या कारागिराकडून पाहून घ्यावे. नसेल तर सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसे भरायच्या फिरत्या भागाच्या, सहा घरांत पाचच काडतुसे भरायची आणि घोड्यासमोरचे घर रिकामे ठेवायचे.

हे जवळ बाळगताना. कपाटात ठेवताना एकही काडतूस आत नको. नळी कुणाच्याही, स्वतःच्या पायाच्याही, रोखाने नाही आणि बोट चापाच्या कड्याबाहेर, हे आधी. मग सिलिंडर उघडून काडतुसे काढायची आणि मोजायची. पाच भरली होती तर पाचच हातात आली पाहिजेत. त्यानंतर प्रत्येक घरात डोळ्यांनी पाहून बोट फिरवायचे. काडतुसे वेगळ्या कुलपात. पिस्तुलाच्या बाबतीत हमखास होणारी चूक क्रमाची: आधी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढतात आणि नंतर मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढतात. तसे केले की चेंबरमधले, म्हणजे नळीत चढलेले, काडतूस बाहेर उडते आणि मॅगझिनमधले पुढचे त्याच्या जागी जाऊन बसते. माणूस मात्र हत्यार रिकामे झाले समजून निश्चिंत! म्हणून मॅगझिन आधी, स्लाइड नंतर.

अमेरिकेत अंगावर झाकून शस्त्र बाळगण्याचा वेगळा परवाना असतो. न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी खास कारण पटवून द्यावे लागे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 23 जून 2022 रोजी ती अट रद्द केली, तेव्हा त्या राज्याने 16 तासांचा वर्ग आणि 2 तासांचा प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव सक्तीचा केला. आपल्याकडे असा वेगळा परवानाच नाही. उलट, 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये (अंगावर बांधायच्या म्यानात) किंवा तशाच धारकात, पूर्ण झाकलेलेच हवे. पडद्यावरचा नायक ते नुसते कमरेला खोचतो, ते या नियमात बसत नाही. होल्स्टर चापही झाकतो. खोचलेल्या पिस्तुलाच्या चापात शर्टाचे टोक अडकले तरी पुरे होते.

आपल्या नियमांत अर्जदाराला प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, पण पुष्कळांच्या लेखी तो फायलीतला आणखी एक कागद असतो. त्यातच 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत 3 वरून 5 वर्षे झाली, म्हणजे नूतनीकरणाचा प्रसंगही लांबला. गृह विभागाने निदान त्या दिवशी डमी काडतुसे भरलेले हत्यार परवानाधारकाच्या हाती द्यावे आणि अधिकाऱ्यासमोर ते रिकामे करून दाखवायला सांगावे. दोन मिनिटांचे काम आहे. नट असो वा बागायतदार, ज्याचा क्रम चुकेल त्याने आधी पुन्हा प्रशिक्षण घ्यावे, शिक्का नंतर.

— एक नेमबाजी प्रशिक्षक, पुणे