रानाचा पैसा गावाला विचारून खर्च करा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या वाड्याच्या (वस्तीच्या) वर जो सडा (कातळाचे पठार) आहे, तिथे काही वर्षांपूर्वी एका सरकारी योजनेतून झाडे लावली गेली. मे महिन्यात फीत लावून खड्डे आखले, भोवती काटेरी तार ओढली आणि पाऊस निम्मा सरल्यावर पिशव्यांतली रोपे टेंपोने आली. मजुरीला आमच्याच वाड्यावरच्या बायका होत्या. पिकास मारला की वीतभर खाली जांभा लागत होता. त्यांतल्या एका वयस्क काकींनी मुकादमाला सांगितले, "बाबा, इथे झाड धरत नाही, इथे गवतच येते. खाली झरीच्या अंगाला लावा. किंदळ, जांभूळ, भिरंड, काय लावाल ते येईल." मुकादम भला माणूस होता. त्याने हातातला कागद दाखवला. जागा, खड्डे, रोपांची जात, सगळे वरून ठरून आले होते. ते बदलण्याचा अधिकार त्याला नव्हता, आणि ज्यांना होता त्यांच्यापर्यंत काकींचा शब्द पोचण्याची वाटच नव्हती.

परवा मी तिथे जाऊन आलो. योजनेचा फलक उभा आहे, तार गंजून जमिनीला टेकली आहे. पहिल्या दोन रांगांत जिवंत झाड एकच दिसले, तेही दगडाच्या फटीत मूळ शिरल्यामुळे तगलेले. सड्यावरचे गवत हे आमच्या गुरांचे दिवाळीपर्यंतचे चरण. कुंपण घातले तशी गुरे खालच्या रानात उतरू लागली आणि दुसऱ्याच पावसाळ्यात आमची एक पाडी बिबट्याने नेली. पाडीचे दुःख आहेच, पण त्याहून मोठे दुःख हे, की एका चुकीच्या जागेमुळे आधी पैसा गेला, मग चरण गेले आणि शेवटी गावाच्या मनात रानाविषयी अढी बसली. २०२० च्या जानेवारीत गोव्यातल्या आपल्या सत्तरी तालुक्यात गोळावलीच्या रानात चार वाघ मेलेले सापडले, विषबाधेचा संशय होता. गुरांवरच्या हल्ल्यांमुळे आलेल्या रागातून हे झाल्याचे तेव्हा बोलले गेले. ती बातमी वाचताना माझा हात थरथरला होता. वाघ मारण्याचे समर्थन कुणीच करू नये. पण गाव आणि रान असे समोरासमोर उभे राहू नये म्हणून जो पैसा वापरता येईल, तो कुठे जातो हे आपण विचारायला हवे.

हा पैसा थोडाथोडका नाही. रस्ता, रेल्वे, वीजवाहिनी किंवा खाण यांसाठी वनजमीन दिली, की प्रकल्पवाल्याला दुसरीकडे झाडे लावण्याचा खर्च आणि तोडलेल्या रानाचे 'निव्वळ वर्तमान मूल्य' भरावे लागते. हे मूल्य म्हणजे ते रान पुढे जे देत राहिले असते त्याची आजची किंमत. जमीन अभयारण्यातली असेल तर ते पाचपट, राष्ट्रीय उद्यानातली असेल तर दहापट. सर्वोच्च न्यायालयाने वनांविषयीच्या गोदावर्मन खटल्यात २००२ साली यासाठी स्वतंत्र निधी करायला सांगितले, २०१६ साली त्याचा कायदा झाला, २०१८ साली नियम आले. लोक याला नुसते 'कॅम्पा' म्हणतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने राज्यांना या निधीतून ४७ हजार कोटींहून अधिक रुपये दिले, त्यांत गोव्याच्या वाट्याला सुमारे २३८ कोटी आले. एवढ्याशा आपल्या राज्याला ही रक्कम मोठीच आहे. शिवाय ती कुणी दिलेली देणगी नाही, आपल्या गेलेल्या रानाची ती किंमत आहे.

या निधीचा कारभार बघणाऱ्या राज्यातल्या तीन मंडळांपैकी एकाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, दुसऱ्याचे मुख्य सचिव, तिसऱ्याचे वन खात्याचे प्रमुख. वर्षाचा आराखडा इथून दिल्लीला जातो आणि मंजूर होऊन येतो. जबाबदारीची माणसे वर हवीत, याबद्दल माझे दुमत नाही. पण नियमांतच लिहिले आहे, की वनजमिनीवरची कामे ग्रामसभेशी किंवा गावच्या वन समितीशी सल्लामसलत करून आणि वनहक्क कायद्याला धरून करावीत. रविवारच्या ग्रामसभा मी सहसा चुकवत नाही. गटार, पथदीप, कचरा, नळाचे पाणी, यांवर तासन्‌तास भांडणे होतात. "पुढच्या वर्षी तुमच्या रानात अमुक लाखांची कामे करायची आहेत, तुमचे म्हणणे सांगा" असा विषय आमच्या इतिवृत्तात मला कधी आढळलेला नाही.

दुसरी तरतूद तर थेट सल्लागार समितीचीच आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३३ ब प्रमाणे अभयारण्यासाठी सरकारने सल्लागार समिती नेमायची असते. तिच्यावर त्या भागाचा आमदार, पंचायत संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन, वन्यजीव रक्षणात काम करणाऱ्या तीन व्यक्ती, पोलीस आणि पशुवैद्यकीय बाजू सांभाळणाऱ्या खात्यांची माणसे असतात. आत आणि आजूबाजूला राहणाऱ्या लोकांचा सहभाग कसा घ्यायचा, हेही या समितीने सांगायचे असते. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ साली जाहीर झाली. आपल्याकडे अशी सहा अभयारण्ये आणि मोलेचे राष्ट्रीय उद्यान आहे. गोव्याच्या जमिनीचा साधारण पाचवा हिस्सा त्यांत येतो. आपल्या अभयारण्याच्या समितीवर पंचायतींचे ते तीन प्रतिनिधी कोण, असे मी ओळखीच्या पंचांना विचारले. एकालाही सांगता आले नाही. समितीवर कोण आहे हे ज्या गावांना माहीत नाही, ती गावे आपले म्हणणे तिच्यापुढे मांडणार कशी?

अमेरिकेतले एक उदाहरण इथे सांगावेसे वाटते. परदेशात सगळे चांगले असते असे मला म्हणायचे नाही, पण त्यातली एक रीत आपल्याला उपयोगी आहे. तिकडे १९०८ पासून राष्ट्रीय वनांच्या उत्पन्नातला चौथा हिस्सा त्या भागातल्या शाळा-रस्त्यांना मिळत असे. लाकूडतोड घटली तसे ते उत्पन्न आटले आणि २००० साली ग्रामीण भागांना आधार देणारा नवा कायदा झाला. त्यातला काही पैसा वनांतल्या कामांसाठी राखून ठेवला गेला आणि ती कामे सुचवायला स्थानिक सल्लागार समित्या केल्या. मुळात समितीवर पंधरा जण, पाच-पाचांचे तीन गट. एका गटात रानावर पोट असलेले, म्हणजे लाकूडवाले, गुरेवाले, मजूर. दुसऱ्यात निसर्गरक्षणवाले. तिसऱ्यात लोकप्रतिनिधी, आदिवासी जमातींचे प्रतिनिधी, शाळांशी संबंधित लोक, सामान्य नागरिक. बैठकीची सूचना आधी प्रसिद्ध होते आणि कुणालाही येऊन बसता येते. मला सर्वांत पटले ते पुढचे: कामाला तिन्ही गटांत वेगवेगळे बहुमत लागते. दोन गटांनी मिळून तिसऱ्याला दाबून टाकायची सोयच नाही. निम्म्याहून कमी नाही एवढा पैसा रस्त्यांची देखभाल आणि ओढे-पाणलोट सुधारण्याच्या कामांवर जावा, असेही त्या कायद्यात घातले होते.

आपल्याकडे समिती म्हटली की लोक म्हणतात, राजकारण शिरणार, सरपंचाचीच माणसे बसणार. भीती खरी आहे, मीही तसे झालेले पाहिले आहे. म्हणूनच तीन गटांची रीत मला महत्त्वाची वाटते. आमच्या पंचायतीत एका बाजूला काजू बागायतदार, कुळागरवाले (पोफळीच्या बागा असलेले), गुरे राखणारे धनगर-गवळी बसावेत. दुसऱ्या बाजूला रानाचा अभ्यास करणारे, जैवविविधता व्यवस्थापन समितीवरचे लोक. तिसऱ्या बाजूला पंच, शाळेच्या बाई आणि बायकांच्या जागा. वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका असाव्यात असा दंडक आहेच, तो इथेही लावावा. रानात कुठे काय उगवते आणि झर कधी आटते, हे जळण आणि पाणी आणणारीला जितके ठाऊक असते तितके आम्हा पुरुषांना नसते.

आणि अशी समिती झाली तर आम्हा बागायतदारांनाही उत्तर द्यावे लागेल, ते मी इथेच कबूल करतो. २०२३ च्या मार्चमध्ये साट्रेच्या रानात आग लागली आणि म्हादईच्या परिसरात कितीतरी दिवस ठिकठिकाणी डोंगर धुमसत राहिले. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकत होती, ते आम्ही अंगणातून पाहत होतो. त्या आगीचे कारण काय, यात मी शिरत नाही. पण काजूचा मोसम लागण्याआधी बागेतला पाला लोटून पेटवून द्यायची सवय आमच्यात आहे आणि वारा फिरला की ती आग बागेच्या हद्दीत राहत नाही, हे खरे आहे. कुठल्या घळीतून आग वर चढते, जाळपट्टा कुठे काढला तर ती अडते, हे वाड्यावरच्या माणसांना नेमके ठाऊक आहे. जाळपट्ट्यांचा पैसा समितीच्या सल्ल्याने खर्च झाला, तर पाला जाळणाऱ्या शेजाऱ्याला अडवणेही समितीचेच काम ठरेल. बाहेरून आलेल्या पहारेकऱ्याचे तो ऐकणार नाही, समितीतल्या काकांचे ऐकेल.

खर्चाची कामे काय असावीत, हे ठरवायला फार अभ्यासही लागत नाही. आमच्या झरीवरचा दगडी बांध दर पावसात फुटतो. दर वर्षी नोव्हेंबरात आम्ही दहा-बारा घरांतले लोक मिळून चिरे रचतो, माती लिंपतो आणि पाट कुळागराकडे वळवतो. तो बांध पक्का झाला तर खालच्या तीन वाड्यांना उन्हाळ्यात पाणी पुरेल, शिवाय गव्यांनाही रानातच पाणी मिळेल आणि ते आमच्या केळींत उतरायचे कमी होतील. सड्यावरच्या त्या कुंपणापेक्षा याला कमी पैसा लागला असता असे माझे ठाम मत आहे. कुठली झाडे लावायची हेही शोधत बसायला नको. पंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत गावच्या झाडांची नावे आहेत, जसे चार (चारोळी), घोटिंग, भिरंड, किंदळ, जांभूळ. ती वही उघडून रोपवाटिकेला यादी द्यावी. आणि लागवडीचे शेवटचे बिल तिसऱ्या पावसाळ्यानंतर, समितीने रोपे मोजून सही केल्यावरच निघावे.

माझी सरकारकडे मागणी एवढीच आहे. प्रत्येक अभयारण्याच्या सल्लागार समितीवरच्या सदस्यांची नावे आणि शेवटच्या बैठकीची तारीख आसपासच्या पंचायतींच्या फलकावर लावा. वर्षाचा आराखडा दिल्लीला पाठवण्याआधी तो मराठीत आणि कोकणीत ग्रामसभेपुढे वाचा. निधीतला निदान चौथा हिस्सा गावच्या समितीच्या शिफारशीनेच खर्च होईल असा आदेश काढा. कायदा बदलण्याची यासाठी गरज नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने तर वनहक्क कायदा लागू असलेल्या भागात अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडाच ग्रामसभेशी सल्लामसलत करून करायला सांगितला आहे. म्हणजे दार कायद्यानेच उघडले आहे.

येत्या ग्रामसभेत मी या आशयाचा ठराव मांडणार आहे. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण इथल्या वाचकांनी आपापल्या ग्रामसभेत तो मांडावा, अशी कळकळीची विनंती करतो. आमच्या काकींनी तेव्हा बोट दाखवलेली झरीकडची जागा आमच्या मालकीच्या हद्दीत येते. तिथे या पावसात वाड्यावरची पोरे भिरंडीची रोपे लावणार आहेत, बिया धुऊन वाळवून पिशव्या भरून ठेवल्या आहेत.

आपला,
सत्तरीतील एक काजू बागायतदार