आवली-लखूबाईसाठी हातभार लावा

सप्रेम नमस्कार,

आपल्या वाचनालयाच्या महिला नाट्यविभागाने यंदा प्राजक्त देशमुख यांचं ‘संगीत देवबाभळी’ करायचं ठरवलं आहे. तुकोबांची भाकरी घेऊन भंडारा डोंगर चढताना आवलीच्या पायात काटा मोडतो आणि विठ्ठल तो काढतो, हे आपण कीर्तनात ऐकलेलं. नाटक तिथून पुढे जातं. जखम भरेपर्यंत आवलीच्या घरी राबायला येते लखूबाई, म्हणजे खुद्द रखुमाई. एकीचा नवरा विठ्ठलापायी घरात ठरत नाही, दुसरीचा भक्तांपायी. विठ्ठलाला उठता-बसता शिव्या घालणारी बाई आणि त्या निमूट ऐकणारी त्याचीच बायको! या दोघींचं मेतकूट जमतं कसं, त्याचंच हे नाटक.

२०१७ साली भद्रकाली प्रॉडक्शन्सने ते रंगभूमीवर आणलं तेव्हा शुभांगी सदावर्ते (आवली) आणि मानसी जोशी (लखूबाई) घरकाम करता करता, श्वास सांभाळत प्रत्यक्ष गायच्या. आमच्या दोघीही तसंच गाणार. ध्वनिमुद्रित गाणी लावली तर खर्च वाचेल, असं समितीत एकाने सुचवलं. दोघींनी साफ नकार दिला. एक अंगणवाडीसेविका, दुसरी पोळीभाजी केंद्र चालवते. रात्री आठनंतर वाचनालयाच्या हॉलवर नाटकाचं वाचन चालतं, आवाज अजून फाटतो, पण भांडणाचा प्रवेश आत्ताच असा रंगतो की पेपर वाचणारे पेपर खाली ठेवतात.

खर्च अंदाजे पंचेचाळीस हजार. नाट्यगृहाचं भाडं, प्रकाशयोजना, दोन कॉलर माइक आणि लेखकाचं मानधन. परवानगीसाठी पत्र पाठवलं आहे. ती आल्याशिवाय प्रयोग लावणार नाही. नाही आली, तर पावती दाखवून पैसे परत न्यावेत. आजवर अकरा हजार जमले आहेत. शंभर रुपयेही चालतील.

पैशांखेरीज हवं ते असं: जुनं जातं, दोन सुती नऊवारी (नव्या नकोत, धुऊन विटलेल्या हव्यात), पखवाज वाजवणारं कुणी आणि तालमीच्या वेळी अंगणवाडीताईंच्या चार वर्षांच्या मुलाला दोन तास सांभाळणारं एखादं घर. या शेवटच्या मदतीची गरज सगळ्यात जास्त आहे.

देणगी ग्रंथपालांकडे संध्याकाळी पाच ते आठ द्यावी, पावती जरूर घ्यावी. जातं देणाऱ्यांनी आधी कळवावं, उचलायला दोन माणसं पाठवतो.

आपली,
नाट्यविभाग समिती