किगालीहून, फोनवर न सांगता आलेलं

किगाली, २८ जुलै २०२४

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितेय. करार तीन वर्षांनी वाढला. सहीसुद्धा करून बसलेय. रागावू नका.

बाबा, इथे रवांडात नुकतीच राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली, त्यावरचा तुमचा प्रश्न मला पाठ आहे: “समोर कोण होतं गं?” होते दोघे, हबिनेझा आणि म्पायिमाना. दोघांना मिळून एक टक्काही मतं नाहीत. राष्ट्राध्यक्ष कागामेंना ९९.१८ टक्के. २०१७ ला ९८.७९ होते, म्हणजे चढती कमान! कागामेंच्या विरोधक डायान रविगारा उभ्या राहणार होत्या, त्यांचा अर्जच बाद झाला.

मतदानाच्या दिवशी वॉचमननं कौतुकानं शाईचं बोट दाखवलं. मी हळूच विचारलं, “आणखी कोण कोण होतं?” तो हसला, लावलेली कडी काढून पुन्हा लावली आणि म्हणाला, “मॅडम, दुपारी पाणी जाणार आहे.” मला आजी आठवली. आणीबाणीत तुम्ही मिसाखाली येरवड्याच्या तुरुंगात, आणि दारात कुणी चौकशी केली की ती म्हणायची, “लोणच्याच्या कैऱ्या आल्या का हो बाजारात?”

तुमचे ते चौदा महिने मी विसरलेले नाही. पण इथल्यांना १९९४ चा नरसंहार आठवतो. शंभर दिवसांत आठ लाख माणसं कापली, आणि ते थांबवलं ते कागामेंच्याच फौजेनं. शिवाय फ्लॅटचे हप्ते आहेत, आईचे गुडघे आहेत. आणि मी काय, नळाच्या लायनींचे नकाशे काढते. मत थोडंच देते? (हे वाक्य तीनदा खोडलं. राहू दे.)

आई, माझी काळजी नको. हवा महाबळेश्वरासारखी, पंखा लागत नाही. तूरडाळ मिळते. केळी तर इतकी, की रोज शिकरण खाते. फक्त वाटी पुढे केल्यावर वरून साखर भुरभुरायला तू नाहीस.

आता नीट ऐका. बीपीची गोळी नाश्त्याआधी, पेपर वाचून झाल्यावर नाही. जिन्यातला दिवा बदलून घ्या. गुडघ्याची तारीख पुढे ढकलायची नाही, दिवाळीत मी आहे.

हे पत्र पुण्याला निघालेल्या एका सहकाऱ्याबरोबर पाठवतेय. आणि बाबा, फोनवर “तुमचा तो कागामे” असं मोठ्यानं नका म्हणू. काही होत नाही हो, पण नका. अगदीच राहवलं नाही, तर कैऱ्या आल्या का विचारा.

तुमची,
मनू