सूचना : वीज तोडण्याचे खोटे मेसेज

सर्व सभासदांना नमस्कार,
‘मागील बिल अपडेट नाही, आज रात्री ९.३० वाजता वीज तोडली जाईल, या नंबरवर संपर्क करा’ असा मेसेज बी विंगमध्ये काहींना आला आहे. तो खोटा आहे. महावितरणचा मेसेज साध्या दहा आकडी मोबाइलवरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या नावात ‘एमएसईडीसीएल’ असते.

• त्या नंबरवर फोन करू नका. ‘फक्त १० रुपये भरा’ म्हणत ते स्क्रीन शेअरचे अ‍ॅप टाकायला लावतात आणि तुमचा ओटीपी तिकडे बसून वाचतात.
• वाहतूक दंडाच्या ई-चलानच्या नावाने एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप टाकणारी फाइल) आली तर उघडू नका, अगदी नातेवाइकाकडून आली तरी.
• पैसे गेलेच, तर संकोच नको. लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन, मग बँकेला.

रविवारी सकाळी ११ वाजता सोसायटी ऑफिसात मेसेज तपासून देऊ. ज्येष्ठांनी फोन (आणि चष्मा) आणावा.

– सचिव