कालव्याकाठची सायकलवाट राखली जावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने नाशिक जिल्ह्यात रस्ते रुंद करण्याची कामे हाती घेतली गेली आहेत. लाखोंच्या संख्येने येणाऱ्या भाविकांचा विचार करता ती आवश्यकच आहेत. परंतु रस्त्यांविषयीची सगळी चर्चा रुंदीभोवती फिरत असताना, निफाड तालुक्यात जे अरुंद आणि जवळजवळ वाहनविरहित रस्ते अजून टिकून आहेत, त्यांच्याविषयी कोणी बोलताना दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. गोदावरी, दारणा आणि कादवा या नद्यांच्या काठचा सपाट मुलूख, नांदूर मध्यमेश्वरचे पाणथळ क्षेत्र आणि तेथील बंधाऱ्यातून निघणारे गोदावरीचे डावा व उजवा हे दोन कालवे मिळून सायकलीने सावकाश हिंडण्यासाठी जी भूमी तयार झाली आहे, तिला तोड देणारी दुसरी भूमी उत्तर महाराष्ट्रात माझ्या पाहण्यात नाही. ती आहे तशी राखावी आणि सायकलस्वारांना तिथे रीतसर वाट मोकळी करून द्यावी, एवढेच माझे मागणे आहे.

नाशिक शहराला सायकलीचे प्रेम शिकवण्याची गरज नाही. येथील डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली, तेव्हा साऱ्या गावाला आनंद झाला होता. येथून पंढरपूरला सायकलवारी जाते आणि तिच्यात आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे असतात. तरीही आपल्याकडे लांबचे सायकलिंग म्हटले की डोळ्यांपुढे घाट, महामार्ग आणि घड्याळ येते. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर अंतर, कॅरिअरला बांधलेली पिशवी, मनात येईल तिथे थांबणे आणि संध्याकाळी ओळखीच्या कोणाच्या ओसरीवर पथारी टाकणे, हा प्रवासाचा प्रकार मात्र अजून रुळलेला नाही. त्याचे कारण हौसेची उणीव नसून निर्धोक रस्त्याची उणीव आहे, असे मला पंधरा वर्षांच्या अनुभवावरून ठामपणे वाटते.

हा प्रदेश इतका सपाट का आहे, हे सायकलवर बसल्यावर फार चांगले कळते. कालव्यातले पाणी कोणत्याही पंपाशिवाय, केवळ स्वतःच्या उताराने, कोपरगाव आणि राहात्याच्या शेतांपर्यंत पोहोचावे लागते. उतार जास्त झाला तर पाणी भराव खरवडते आणि कमी झाला तर गाळ साचतो. त्यामुळे ज्या अभियंत्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे कालवे आखले, त्यांनी जमिनीच्या समान उंचीचा माग धरून, टेकाडांना वळसे घालत, अत्यंत मंद उतार राखला. त्या कालव्याच्या कडेने देखभालीसाठी ठेवलेला सेवा रस्ता साहजिकच तेवढ्याच मंद उताराचा झाला. सायकलस्वाराला दम लागू नये म्हणून कोणी तो आखला नव्हता, पण आजोबांच्या वयाच्या माणसालाही गिअर न बदलता तासन् तास पॅडल मारता येईल असा रस्ता त्यातून आपल्या हाती आला. उजवा कालवा सुमारे ११० किलोमीटर आणि डावा सुमारे ९० किलोमीटर लांब आहे. एवढ्या लांबीची समतल वाट आज नव्याने करायची म्हटली तर भूसंपादनातच किती वर्षे जातील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

नांदूर मध्यमेश्वरचे पाणथळही त्याच बंधाऱ्याचे अपत्य आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ बंधारा झाला, वरच्या धरणांतून येणारे पाणी तिथे अडले, पुरांनी आणलेला गाळ वर्षानुवर्षे बसत गेला आणि साठवण क्षमता घटत असतानाच उथळ पाण्याची, बेटांची आणि पाणवनस्पतींची एक वेगळीच सृष्टी तयार झाली. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने जो दोष होता, तो पक्ष्यांच्या दृष्टीने मोठाच गुण ठरला. १९८६ मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले. पुढे जानेवारी २०२० मध्ये येथील १,४३७ हेक्टर क्षेत्र आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समाविष्ट झाल्याचे घोषित झाले आणि महाराष्ट्राला पहिले रामसर स्थळ मिळाले. लोणार त्यानंतरचे आहे. दोनशेहून अधिक जातींचे पक्षी येथे नोंदले गेले आहेत. डिसेंबरात, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती खाली गेला याच्या बातम्या आपल्या दैनिकात रोज येत असतात, नेमक्या त्या दिवसांत चापडगावच्या बाजूला पहाटे पोहोचावे. धुके पाण्यावरून हलत नाही. आधी चक्रवाकांचा आवाज येतो, मग वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांची काळी रांग दिसू लागते आणि ऊन वर आले की तलवार बदके, थापट्या, शेकाटे, चमचे असे एकेक ओळखू येऊ लागतात. मोटारीने आलेला माणूस हे पक्षीनिरीक्षणाच्या मनोऱ्यावरूनच पाहतो. सायकलवरच्या माणसाला मात्र त्याआधीची दोन तासांची वाट मिळते, आणि माझ्या मते खरा लाभ तोच आहे.

ती वाट थोडी सांगतो. नाशिक रोडहून एकलहऱ्याच्या बाजूने आडवाटेने सायखेड्याला यावे, तिथून मांजरगाव, चापडगाव करीत बंधाऱ्यापर्यंत जावे आणि परतताना नदीपलीकडच्या कोठुरे, करंजगाव या गावांकडून चांदोरीला यावे. दोन्ही बाजूंना ऊस, द्राक्षबागा, कांद्याची रोपे आणि मधूनच एखादी चारी, म्हणजे कालव्याची लहान शाखा, लागते. आवर्तन चालू असेल, म्हणजे कालव्याला पाणी सोडलेले असेल, तर पाण्याचा आवाज सतत सोबत असतो. चांदोरीला नदीचे पाणी ओसरलेले असेल तर पात्रातली जुनी दगडी मंदिरे उघडी पडलेली दिसतात. याच चांदोरी-सायखेड्यात २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराने घरादारांत पाणी शिरले होते. त्यामुळे ही भूमी नदीचीच आहे आणि नदी ती अधूनमधून परत मागते, याचे भान इथल्या प्रवाशाने ठेवले पाहिजे. पावसाळ्यात कालव्याकाठी जाऊच नये. काळी माती मडगार्डमध्ये अशी घट्ट बसते की चाक फिरेनासे होते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पाऊस सरल्यावर सराटे वाळतात, त्यांचे काटे टायरमध्ये शिरतात, तेव्हा दोन जादा ट्यूब आणि पंप जवळ असावेत. सपाटीवर चढ नसला तरी वारा असतो. उन्हाळ्याच्या अखेरीस पश्चिमेचा वारा सुरू झाला की नाशिककडे परतताना तो तोंडावर येतो आणि घाट चढल्यासारखे श्रम होतात. ऐन हिवाळ्यातली सकाळ मात्र बहुधा निवांत असते.

आता अडचणींकडे येतो. पहिली आणि सर्वांत गंभीर अडचण ऊस वाहतुकीची आहे. पक्षी येण्याचा हंगाम आणि गाळपाचा हंगाम एकच असल्यामुळे, अंधार पडल्यावर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर याच रस्त्यांवर येतात. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, परावर्तक पट्टी नसते आणि बाहेर आलेल्या उसामुळे तिची रुंदीही कळत नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्यातील एक ज्येष्ठ सहकारी अशाच बिनदिव्याच्या उभ्या ट्रॉलीला चुकवताना चारीत पडले आणि त्यांचे मनगट मोडले. ट्रॅक्टरचालकानेच त्यांना दवाखान्यात पोहोचवले, हेही मला येथे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. तो तरुण रात्रभर जागा होता. त्याला दोष देऊन भागणार नाही. प्रत्येक ट्रॉलीला परावर्तक पट्टी लावल्याशिवाय कारखान्याच्या वजनकाट्यावर घेऊ नये, एवढा एकच नियम कसोशीने पाळला गेला तर सायकलस्वारांचेच नव्हे, दुचाकीवरून घरी परतणाऱ्या शेतकऱ्यांचेही प्राण वाचतील.

दुसरी अडचण सेवा रस्त्यांची आहे. काही ठिकाणी भराव खचला आहे, काही ठिकाणी बाभळी वाढून वाट बुजली आहे आणि काही ठिकाणी चारीवरची मोरी वाहून गेली आहे. शिवाय या रस्त्यावरून सायकल नेण्यास परवानगी आहे की नाही, हे जागेवरच्या माणसालाही नक्की सांगता येत नाही. एके दिवशी आम्हाला आपुलकीने चहा पाजणाऱ्या पाटकऱ्यांच्या, म्हणजे कालव्याचे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या, हद्दीपुढे गेलो, तर पुढच्या ठिकाणी आम्हाला परत फिरवण्यात आले. परत फिरवणाऱ्याचाही इलाज नव्हता, कारण लेखी आदेश कोणापाशीच नव्हता. जलसंपदा विभागाने पादचारी आणि सायकलस्वारांना दिवसाउजेडी या रस्त्यांवर येण्याची स्पष्ट मुभा द्यावी आणि मोटारींना मात्र लोखंडी खांब रोवून अडवावे. शतकभर जुन्या या कालव्यांची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने होत असते. त्या कामात भरावाचा माथा समतल करून त्यावर मुरूम दाबून घेतला तर सायकलीला तेवढे पुरेसे आहे. डांबराची मागणी मी मुद्दाम करीत नाही. डांबर आले की भरधाव गाड्या येतील, आणि ज्या शांततेसाठी ही वाट हवी ती पहिल्याच वर्षी संपेल.

येथे एक गोष्ट आम्हा सायकलस्वारांनाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सायकल आवाज करीत नाही म्हणून ती पक्ष्यांना निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. मोटारीच्या आत बसलेल्या माणसापेक्षा उघड्यावर उभा राहिलेला माणूस पक्ष्यांना अनेकदा अधिक बिचकवतो. काठावर विसावलेला थवा एकदा उडाला की त्याची चरण्याची वेळ आणि थंडीत साठवलेली ताकद वाया जाते. म्हणून सायकलवाट आखताना ती पाण्याला लगटून न नेता गावरस्त्यांवरून आणि कालव्यावरूनच न्यावी, अभयारण्याच्या आतली नवी पायवाट मागू नये आणि मनोऱ्यापासून बऱ्याच अंतरावर सायकली ठेवून उरलेले अंतर चालत जावे. वनविभागाने असा नियम केला तर त्याचे पालन करण्यात आम्ही सर्वांत पुढे असू. पाणवेलींनी आणि शहरातून येणाऱ्या सांडपाण्याने या पाण्याची जी हानी होत आहे ती सायकलींच्या हानीपेक्षा कितीतरी मोठी आहे, परंतु त्या मोठ्या दोषाकडे बोट दाखवून आपला लहान दोष झाकणे योग्य नव्हे.

वाट दाखवणाऱ्या खुणांसाठी फार खर्च करण्याचे कारण नाही. बेल्जियममधील लिम्बुर्ग प्रांतात १९९५ मध्ये सायकलवाटांचे जे जाळे सुरू झाले, त्यात प्रत्येक तिठ्याला फक्त एक क्रमांक दिला आहे. प्रवाशाने निघताना चार-सहा क्रमांक कागदावर लिहून घ्यायचे आणि पाटीमागून पाटी पाहत जायचे. खाणीत अभियंता असलेल्या ह्यूगो बोलेन यांची ही कल्पना पुढे नेदरलँड्सने मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. आपल्याकडे तर कालव्यावर साखळी क्रमांक, म्हणजे कालव्याच्या आरंभापासूनचे अंतर सांगणारे दगडांवरचे आकडे, आधीपासूनच आहेत. कोणत्या क्रमांकाला कोणते गाव, कुठे पूल, कुठे पिण्याचे पाणी आणि कुठे पंक्चर काढणारा, एवढे एका पानाच्या नकाशावर छापले की वाट तयार झाली. चापडगाव आणि आसपासच्या गावांतील तरुण आज पक्षी दाखवण्याचे काम अत्यंत जाणतेपणाने करीत आहेत. सायकलने येणारा माणूस गावात जेवतो आणि मुक्काम करतो, त्यामुळे त्याचा पैसा मोटारीने येऊन दोन तासांत परतणाऱ्यापेक्षा गावात अधिक राहतो, हे तेथील घराघरांत जेवलेला माणूस म्हणून मी सांगू शकतो.

कालव्यावरचे बरेच साखळी दगड आता झिजले आहेत आणि त्यांवरचे आकडे वाचता येत नाहीत. जलसंपदा विभागाने लेखी अनुमती दिली तर बंधाऱ्यापासूनच्या पहिल्या २० किलोमीटरमधील सर्व दगड या हिवाळ्यातील दोन रविवारी स्वखर्चाने रंगवून देण्याची आमची तयारी आहे. पांढरा रंग, काळा रंग आणि ब्रश आम्ही आणू. मूळ क्रमांकांची यादी मात्र विभागाने द्यावी.

आपला,
एक सायकलस्वार वाचक,
नाशिक रोड